भरल्या बंडीले वाट

केळझरहून सिंदीला जाणारा रस्ता आमच्या ओट्याला इतका चिकटून होता की मायनं सूपभर तूर पाखडली तर फोलपटं पलीकडच्या शेताच्या धुऱ्यावर जाऊन पडायची. गावाच्या एका कडेला आमची वस्ती, वस्तीच्या कडेला आमचं घर, आणि घरापासून हाकेच्या अंतरावर नाला. नाल्यावर पूल नव्हता. दगड-चुन्याचा बसका रपटा होता, एका वेळी एकच बैलबंडी जाईल एवढा रुंद. पावसाळ्यात तो पाण्याखाली जायचा आणि रस्ता झोपी जायचा. दिवाळी झाली, कापूस फुटला, की मात्र त्याला जी जाग यायची ती होळीपर्यंत. सिंदीला रेल्वे होती, सरकी काढायच्या जिनिंग गिरण्या होत्या, कापसाचे दलाल होते. त्यामुळे आजूबाजूच्या गावांतला सगळा पांढरा माल आमच्या दारावरून जायचा. माझं बालपण म्हणाल तर त्या रस्त्याच्या आवाजातच गेलं.

पहाटे भरल्या बंड्या जायच्या. चहूबाजूंनी बारदान्याचे पडदे बांधून त्यात कापूस पायानं दाबून भरलेला, वर बंडी हाकणारा धुरकरी कांबळं पांघरून बसलेला. भरली बंडी हळू चालते आणि जड बोलते. तिच्या आखाचा आवाज पोटातून आल्यासारखा येतो. दुपारी त्याच बंड्या रिकाम्या परतायच्या. तेव्हा चाकं खडखडायची, बैलांच्या घुंगरांना उधाण यायचं आणि धुरकरी गाणी म्हणायचे. अगदीच रिकाम्या नसायच्या त्या. कुणाच्या बंडीत मिठाचं पोतं, कुणाच्या रॉकेलचे डबे, कुणाच्या सरकीच्या ढेपेची थप्पी, आणि सणाच्या आधी गुळाच्या भेल्या. मी अंथरुणात डोळे मिटून पडल्या पडल्या सांगायची, ही भरली, ही रिकामी, हिच्या चाकाला वंगण नाही. माझी मोठी बहीण शेवंताबाई तर माझ्याही पुढची. ती नुसत्या घुंगरांवरून बैल कुणाचे ते ओळखायची. आज माझ्या फ्लॅटखालून रात्रंदिवस ट्रक जातात. सगळे एकाच आवाजात ओरडतात. कोण भरलाय, कोण रिकामा, काही कळत नाही. मुलगा म्हणतो, आई, खिडकी लावून घे. मी लावत नाही. सवय आहे.

बा भाड्यानं कापूस वाहायचा. स्वतःची बंडी, स्वतःची जोडी, हिऱ्या आणि सारंग्या. हिऱ्या मोठा हट्टी बैल. बाचं ऐकायचा, पण मनात आलं तर. शेवंताबाईचं मात्र निमूट ऐकायचा. आम्हाला भाऊ नव्हता, म्हणून शेवंताबाईच बाबरोबर बंडी जुंपायची, वंगण घालायची, कधी कधी सिंदीपर्यंत हाकतही न्यायची. वस्तीतल्या बाया नावं ठेवायच्या. माय म्हणायची, "ठेवू द्या. माही पोरगी बैल हाकते, कोणाच्या चुगल्या तर नाई करत." सकाळी निघताना माय दोघांना भाकरी, अंबाडीची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा बांधून द्यायची. थंडीत वाटेत तुरीच्या हिरव्या शेंगा असायच्याच. त्या दोघांच्या बंडीचा माग शेंगांच्या सालींवरून काढता यायचा.

त्या रस्त्याचा एक कायदा होता. तो कुणी लिहिलेला नव्हता, पण पाळायचे सगळे. भरल्या बंडीले वाट. समोरासमोर गाठ पडली तर रिकामीनं रस्त्याखाली उतरायचं, भरलीनं नाही. रपट्यावर तर हा कायदा फारच कडक. भरली बंडी रपट्यावर चढली, की पलीकडून येणाऱ्यानं नाल्याच्या काठी बैल थांबवायचे, विडी पेटवायची आणि ती पार होईपर्यंत गप्पा मारायच्या. पण या कायद्याच्या खाली आणखी एक कायदा होता, आणि तो कुणी तोंडानं म्हणत नसे. समोरून गावच्या जमीनदाराच्या, म्हणजे मालगुजाराच्या, घरची बंडी आली, मग ती भरली असो की रिकामी, की आमच्या वस्तीच्या माणसानं खाली उतरायचं. मालगुजारी सरकारनं कधीच काढून घेतली होती, पण रस्त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. एकदा असाच भरली बंडी घेऊन खाली उतरताना बाच्या चाकाची एक आरी मोडली होती. बा घरी आला. दिवसभर ओट्यावर बसून नवी आरी तासत राहिला.

पुढं आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. नागपूरहून लोक परत आले तेव्हा आमच्या रस्त्यावर बंड्यांपेक्षा माणसंच जास्त होती, पांढऱ्या कपड्यांतली, पायांवर धूळ घेऊन चालणारी. घरातले देव गेले, बुद्धाची तसबीर आली. आणि त्यानंतरच्या पहिल्या कापसाच्या हंगामात शेवंताबाईचं लग्न ठरलं. आमच्या वस्तीत नव्या रीतीनं लागलेलं ते पहिलंच लग्न. जवाई वर्ध्याचे, रेल्वेच्या मालधक्क्यावर गाठी चढवायचं काम करणारे, हाडापेरानं थोराड, बोलायला अगदी कमी. पांढरं लुगडं नेसून शेवंताबाई उभी राहिली, त्रिशरण झालं, पंचशील झालं, फुलं उधळली आणि लग्न लागलं. म्हाताऱ्या बायांना विश्वासच बसेना. "झालं?" एकीनं विचारलं, "मुहूर्त कई होता?" माय म्हणाली, "आता जो वेळ आपला तो मुहूर्त." मग पंगत बसली. तुरीचं वरण, भात, वांग्या-आलूची रस्सेदार भाजी आणि बुंदी. भाजीच्या वासानं रस्त्यावरचे बैलसुद्धा आमच्या दारापुढं रेंगाळले असं मला तेव्हा वाटायचं. बहुधा धुरकरीच रेंगाळले असतील.

दुपारच्या पॅसेंजरनं वऱ्हाड वर्ध्याला परतणार होतं, म्हणून जेवणं आटोपताच निघायची घाई झाली. सर्वांत पुढं आमची उसनी आणलेली रेंगी, म्हणजे माणसं बसायची हलकी, अरुंद बंडी. तिला हिऱ्या आणि सारंग्या जुंपलेले, धुरेवर बा, मागं नवरी आणि तिची पाठराखीण म्हणून मी. जवाई आणि वऱ्हाडातली माणसं मागच्या दोन बंड्यांत, त्यात एक डफडंवालाही. आणि त्यांच्या मागं कापसाच्या बंड्यांची रांग लागलेली. त्या दिवशी कुणास ठाऊक का, रांग उशिरा निघाली होती. रांगेच्या तोंडाशी नत्थूजी होते. नत्थूजी कुणबी, बाच्या वयाचे, आयुष्यभर त्याच रस्त्यावर बाच्या पुढंमागं बंडी हाकलेले. दोघं वाटेत एकमेकांना तंबाखू द्यायचे. आमच्या घरचं पाणी मात्र ते कधी प्यायले नव्हते. दोस्ती रस्त्यावरची होती, आणि रस्त्यापुरती होती.

आमची रेंगी रपट्याच्या मध्यावर आली आणि समोरून ट्रक चढला.

त्या रस्त्यावर ट्रक तोपर्यंत क्वचितच दिसायचा. हा मालगुजारांनी त्याच हंगामात आणलेला, हिरव्या नाकाचा. कापूस भरायला रिकामाच निघाला होता. तो येताना दिसला तेव्हा आम्हाला वाटलं, काठावर थांबेल. पण तो सरळ आत आला आणि हिऱ्याच्या शिंगांपासून दोन हात अंतरावर येऊन कचकन उभा राहिला. बैल बिथरले. बानं कासरा आवळला. ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी मालगुजारांचे दिवाणजी बसले होते, काळी टोपी, मांडीवर छत्री. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"सख्या, घे मांगं."

बाचं नाव सखाराम. वस्तीत आणि रस्त्यावर त्याला सखारामजी म्हणत. बानं कासरा तसाच धरून ठेवला. त्याची पाठ माझ्यापुढंच होती. नव्या सदऱ्यातून खांद्याची हाडं वर आलेली मला दिसत होती.

"आयकू नाई येत का? मांगं घे म्हणतो ना!"

"दिवाणजी," बा हळू म्हणाला, "मांगं साऱ्या बंड्या लागल्या हायेत. अन् ही भरली बंडी हाये."

"भरली?" दिवाणजी हसले. "काय भरलं हाये तिच्यात? दोन पोरी!"

मी मान खाली घातली. तेवढ्यात माझ्या शेजारून, पदराआडून, शेवंताबाईचा आवाज आला. "बा, मांगं नको घेजो."

दिवाणजींचा चेहरा बदलला. ते म्हणाले, "पाय सख्या, उद्यापासून आमच्या कापसाले बंडी आणजो नको. समजलं?" हे मात्र साधं बोलणं नव्हतं. हंगामातला निम्मा माल बा त्यांचाच वाहायचा. मायनं तेव्हा तिथं असायला हवं होतं असं मला वाटलं, पण माय घरी परातीत राहिलेली बुंदी झाकत होती. बानं कासरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मला वाटलं, आता उतरेल, बैलांना हात लावेल, मागं रेटेल. बा तसाच बसून राहिला.

मग मागून नत्थूजी चालत आले. त्यांना वाटलं होतं, बैल अडले असतील. सगळं पाहून ते ट्रकच्या नाकाला हात टेकवून उभे राहिले आणि जणू काही वाटच विसरलेल्या माणसाला सांगावी तशा स्वरात म्हणाले, "दिवाणजी, भरल्या बंडीले वाट असते. रस्त्याचा कायदा हाये. तुमी काऊन रपट्यावर आले?"

"हा ट्रक हाये, नत्थू! बंडी नाई."

"चाकं तर गोलच दिसून राह्यली."

मागं कुणीतरी हसलं. ड्रायव्हर इतका वेळ स्टेअरिंगवर हात ठेवून ऐकत होता. यासीन त्याचं नाव, नागपूरचा, मिसरूड नुकतं फुटलेला जवान पोरगा. त्यानं गळ्यातला रुमाल सोडून पुन्हा बांधला आणि म्हणाला, "दीवानजी, बैल को रिवर्स गियर नहीं होता. मेरे को होता है." आणि दिवाणजी काही बोलायच्या आत त्यानं गिअर ओढलाही.

ट्रक मागं सरकू लागला. त्याच्या प्रत्येक पावलाला बाचे बैल एक पाऊल पुढं. आजही तो क्षण आठवला की मला हसू येतं. ट्रक जणू आमच्यापुढं वाकून उलट पावली चालत होता. पण काठावर पोचताना त्याचं मागचं चाक रपट्याच्या बाजूला उतरलं. नाल्याकाठची ती काळी माती. वरून वाळलेली दिसते, आत लोणी. चाक रुतलं, ट्रक एका अंगावर कलला आणि दिवाणजींची छत्री खिडकीतून बाहेर पडली.

आमची अरुंद रेंगी कशीबशी त्याच्या बाजूनं निघून गेली. मोकळा रस्ता समोर होता, गाडीची वेळ होत आली होती. पण वऱ्हाडाच्या बंड्या आणि कापसाच्या रुंद बंड्या त्या जागेतून निघणं शक्य नव्हतं. बानं रेंगी थांबवली, खाली उतरला आणि जुवाच्या शिवळा काढून बैल सोडू लागला. जवाईबापूंचे काका मागून ओरडत आले, "काय करून राह्यले, व्याही? गाडी चुकन ना!" बा म्हणाला, "वऱ्हाड इथंच ठेवून जाऊ का?"

साखळ्या आल्या. नत्थूजींनी आपली जोडी सोडली, आणखी दोघांनी सोडली. ट्रकच्या पुढं बैलांच्या जोड्या लागल्या, सर्वांत पुढं हिऱ्या-सारंग्या. आणि हिऱ्यानं नेमका तेव्हाच हट्ट धरला. ट्रकच्या इंजिनाच्या घरघरीनं तो चवताळला होता. बानं हाक दिली, थोपटलं, नत्थूजींनी तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी, टोचली; तो खाली मान घालून उभा. शेवंताबाईनं रेंगीतून पाहिलं, पदर खोचला आणि उतरली. काका म्हणाले, "अवं, नवरी हाये ना तू!" ती सरळ चिखलात गेली, हिऱ्याची वेसण धरली, त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलली. काय बोलली ते तिनं मला कधी सांगितलं नाही. हिऱ्यानं खांदा दिला.

मागं जवाईबापूंनी फेटा काढून डफडंवाल्याच्या डोक्यावर ठेवला आणि ट्रकला खांदा लावला. गाठी उचलून तयार झालेला खांदा होता तो. त्यांच्या बाजूला यासीन, नत्थूजी, आणखी कितीतरी जण. डफडंवाल्याला राहवेना, त्यानं ठेका धरला. त्या ठेक्यावर सगळे "हो-ओ" म्हणून रेटायचे. तिसऱ्या-चौथ्या रेट्याला चिखलानं एक मोठा घोट गिळल्यासारखा आवाज केला आणि ट्रक रपट्यावर आला. शेवंताबाईनं वळून पाहिलं. जवाईबापू कोपरापर्यंत काळे झाले होते आणि हसत होते. ती पण गुडघ्यापर्यंत काळी. लग्न लागून अर्धा दिवस झाला होता, पण त्या दोघांनी एकमेकांना नीट पाहिलं ते तेव्हा.

सिंदीच्या बाजूला दूर धूर दिसला. मालगाडी होती ती, पण पॅसेंजर तिच्या मागंच असायची. बंडीनं आता वेळेवर पोचणं शक्यच नव्हतं. काका डोक्याला हात लावून बसले. यासीननं चेहरा पुसला आणि म्हणाला, "बैठो सब. नवरी को पहले बिठाओ."

"कोणाले ईचारून?" दिवाणजी गरजले.

"गाडी आपकी है दीवानजी, मना करो तो नहीं ले जाता." यासीन अगदी अदबीनं म्हणाला. दिवाणजींनी भोवती पाहिलं. मघापासून ज्यांनी ट्रकला खांदा लावला ते सगळे धुरकरी चिखलानं माखलेले, गप्प उभे होते. दिवाणजींनी छत्री झटकली आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसले.

मग जे झालं ते सिंदीच्या रस्त्यानं ना आधी पाहिलं होतं ना नंतर पाहिलं. ट्रक रपट्यावरून मागं येऊन मोकळ्या जागेत वळला. मागं फळीवर सगळं वऱ्हाड, मध्ये नवरा-नवरी, बा, मी, आणि डफडंवाला फेटा घालूनच वाजवतोय. आणि समोर, काचेच्या आड, काळी टोपी घालून ताठ बसलेले दिवाणजी. वाटेत लोक धावत रस्त्यावर यायचे. मोठ्या थाटाचं लग्न दिसतं म्हणून समोरच्या वडीलधाऱ्या माणसाला हात जोडायचे. पहिल्या गावात दिवाणजींनी तोंड फिरवलं. दुसऱ्या गावात एका म्हाताऱ्यानं ट्रक थांबवून त्यांना "व्याही, पान घ्या" म्हणून पान दिलं. त्यांनी ते घेतलं. सिंदीच्या वेशीपर्यंत ते डोकं हलवून नमस्कार स्वीकारायला लागले होते. बा मागच्या काचेतून हे पाहत होता. त्याला इतकं हसू आलं की तो बारदान्यावर आडवा झाला. बाला पोट धरून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बाचा कापूस बंद झाला नाही. कारण तक्रार करायची तर दिवाणजींना पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि ते त्यांनी जन्मात सांगितलं नाही. यासीनची नोकरीही त्यामुळंच टिकली. पुढं दोन-तीन हंगामांत ट्रक वाढले, रपट्याच्या जागी पूल आला, बंड्यांचं भाडं कमी होत गेलं, ती गोष्ट वेगळी. पण त्या रपट्यावर बाला "सख्या" म्हणून पुन्हा कुणी खाली उतरवलं नाही. त्या दिवशी ट्रक गेल्यावर माय नाल्यावर थांबलेल्या धुरकऱ्यांसाठी बुंदीची परात घेऊन गेली होती. काहींनी तिथंच खाल्ली, काहींनी धोतराच्या सोग्यात बांधून घेतली. पुढं काय केलं ते मला माहीत नाही. नत्थूजींनी मूठभर घेतली आणि मायच्या समोर खाल्ली. मग पाणी मागितलं.

गाडी आम्हाला मिळाली. फलाटावर धावाधाव, चढा-चढा, गाठोडी खिडकीतून आत. शेवंताबाई खिडकीशी बसली. चिखल वाळून तिच्या पांढऱ्या लुगड्याला पापुद्रे धरले होते. आता ती रडेल म्हणून मी आधीच रडायला सुरुवात केली. बा खिडकीच्या चौकटीला धरून उभा होता. शिट्टी झाली. गाडी हलली. तशी शेवंताबाई खिडकीतून अर्धी बाहेर आली आणि ओरडली, "बा, हिऱ्याचा खांदा सोलला हाये! हळद लावजो!"

ट्रकनं आम्हाला परत नाल्यापर्यंत सोडलं. दिवस मावळत होता. नत्थूजींनी आमची जोडी घरी आणून बांधली होती. मायनं विचारलं, गाडी भेटली का, पोरगी रडली का. लग्नातली हळद वाटीत उरली होती ती बानं तेलात कालवली आणि गोठ्यात गेला. हिऱ्याच्या खांद्यावर खरंच कातडं सोलून निघालं होतं. बा बोटानं हळद लावत राहिला. खांदा झाला, मान झाली, मग दुसरा खांदा, ज्याला काहीच झालं नव्हतं.

माय दारात उभी राहून पाहत होती. "किती लावता जी? बैल पिवळा करून राह्यले."

"लेकीनं सांगतलं हाये," बा म्हणाला, आणि वाटीत शेवटची उरली होती तीही पुसून घेतली.